यंत्राचे पडिलेहण

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याचे नाव फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी देशभरच्या वृत्तपत्रांत छापून येत होते. ३१ जानेवारी २०२१ हा राष्ट्रीय पोलिओ लसीकरणाचा दिवस होता. त्या दिवशी भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी या गावी पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सारी बचावली. केंद्रावरील कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि विषय मागे पडला.

पोलिओ लसीच्या कुपीवर एक लहान वर्तुळ आणि त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. आतला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला की लस उष्णतेने निकामी झाली असे समजून ती बाजूला टाकायची. म्हणजे तपासणीची सोय कुपी बनवणाऱ्याने कुपीवरच करून ठेवलेली असते. बाटली हातात घेताना त्या चौकोनाकडे एकदा नजर गेली असती, तर हातात लस नाहीच, हे तत्क्षणी ध्यानात आले असते. नियम होता, साधन होते, प्रशिक्षणही होते. उणीव होती ती केवळ त्या एका क्षणाच्या अवधानाची.

त्याच महिन्यात, यापूर्वी अवघे बावीस दिवस आधी, आपल्याच विदर्भात भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जे घडले त्याला मात्र सुदैवाची साथ लाभली नाही. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक प्रश्न मनात उभा राहतो. रुग्णाच्या अंगाला लावायचे उपकरण सुरक्षित आहे की नाही, याची तपासणी परिचारिका नीट करतात का? आणि करीत नसतील, तर दोष केवळ त्यांचाच का? आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रुग्णालयांना यंत्रे दान देतात, कित्येकजण रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, आणि आजारपण तर कोणालाच चुकलेले नाही. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

भंडाऱ्याची रात्र

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेच्या सुमारास भंडाऱ्याच्या विशेष नवजात शिशु दक्षता कक्षात आग लागली. कक्षात एकूण सतरा बालके होती. त्यांपैकी सातांना वाचवण्यात यश आले. दहा बालके दगावली. काही भाजून गेली, तर बहुतेक धुराने गुदमरून. चौकशीत आगीचे मूळ एका वॉर्मरच्या नियंत्रण-पेटीतील बिघाडात सापडले.

कमी वजनाच्या किंवा आजारी नवजात बाळाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. म्हणून त्याला वॉर्मरवर ठेवतात. वरून उष्णता देणारी कांडी, खाली बाळाची गादी, आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेली तापमान मोजणारी एक बारीक तार, अशी त्या यंत्राची साधी रचना असते. ती तार सांगते त्याप्रमाणे यंत्र उष्णता कमी-अधिक करते. तार निसटली तर बाळ थंड पडले आहे असे यंत्राला वाटते आणि ते उष्णता वाढवीत राहते. म्हणून तार जागेवर आहे ना, गजर वाजतो ना, बाजूच्या पट्ट्या बसल्या आहेत ना, हे परिचारिकेने प्रत्येक पाळीत पाहायचे असते. प्लग सैल झाला आहे का, वायर तापली आहे का, जळका वास येतो का, हेही तिच्याच डोळ्यांना आणि नाकाला सर्वांत आधी कळू शकते.

मात्र नियंत्रण-पेटीच्या पोटातील जोडणी झिजली आहे की नाही, हे तिला बाहेरून दिसणे अशक्य. ते काम जैववैद्यकीय अभियंत्याचे. इमारतीतील वीजजोडणीची तपासणी विद्युत विभागाची. धूर होताच सूचना देणारी आणि आग आपोआप विझवणारी यंत्रणा बसवणे हे व्यवस्थापनाचे. त्या कक्षात अशी यंत्रणा नव्हती, हेही त्या काळात उघड झाले. ज्या खोलीत प्राणवायू खेळत असतो तेथे ठिणगीचा भडका होण्यास किती वेळ लागतो, हे यवतमाळच्या कापूस व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. जिनिंगच्या आवारात एक विडी पेटलेली चालत नाही. आणि येथे तर कापसाच्या गंजीऐवजी अर्भके होती.

त्याच महिन्यात शासनाने सात जणांवर कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधिकारी आणि परिसेविका निलंबित झाल्या, एका वरिष्ठ अधिकाऱ्याची बदली झाली आणि कंत्राटी बालरोगतज्ज्ञासह दोन अधिपरिचारिकांची सेवा समाप्त झाली. घटनेच्या वेळी परिचारिका कक्षात नव्हत्या, हा चौकशीतील ठपका होता. पुढे त्या दोन परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. तेव्हाही अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या.

कक्ष सोडून जाणे गंभीरच आहे. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु दोन्ही घटनांत तुरुंगाची वाट आधी दिसली ती रुग्णाच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला. जी उपकरणाला शेवटचा हात लावते तिच्यावर सारा भार टाकला की वरच्या प्रत्येकाची तपासणी सुटते. पुढच्या आगीची सोय अशाच रीतीने होते.

काटा आणि शून्य

व्यापारी वाचकांना हा भेद काट्याच्या उदाहरणाने सहज कळेल. दुकानातील वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून ठरलेल्या मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. पण शिक्का आहे म्हणून कोणताही जाणता व्यापारी माल तोलण्यापूर्वी काट्याकडे पाहायचे सोडत नाही. पारडे रिकामे असता काटा शून्यावर आहे ना, पारड्याखाली काही अडकले नाही ना, हे तो दर वेळी पाहतोच. शिक्का वर्षाचा असतो आणि शून्य क्षणाचे. शिक्क्याने शून्याचे काम होत नाही आणि शून्याने शिक्क्याचे होत नाही.

रुग्णालयातही असेच दोन स्तर आहेत. यंत्राची अचूकता प्रमाणित करणे, सुटे भाग बदलणे, विद्युत-गळती मोजणे हा शिक्क्याचा भाग, तो अभियंत्याचा. वापरापूर्वीची तपासणी हा शून्याचा भाग, तो परिचारिकेचा. शेवटची तपासणी कशी असते ते थोडक्यात पाहू. श्वास देण्याच्या रबरी पिशवीचे तोंड तळहाताने बंद करून ती दाबायची; हवा निसटली तर पिशवी फाटकी. कफ ओढणाऱ्या यंत्राची नळी अंगठ्याने बंद करून दाबाचा काटा चढतो का ते पाहायचे. घशात नळी घालताना लागणाऱ्या उपकरणाचा दिवा लावून बघायचा. प्राणवायूच्या सिलिंडरवरील दाब वाचायचा, आणि तो उघडण्याची किल्ली सिलिंडरपाशीच आहे ना, याची खात्री करायची. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची रोज चाचणी घ्यायची. औषध सोडणारा पंप विजेवरून काढून बॅटरीवर चालतो का, ते पाहायचे. कारण रुग्णाला एका विभागातून दुसरीकडे नेताना वीज सोबत येत नाही.

यातील एकाही तपासणीला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि यातील प्रत्येक चूक उघड होते ती नेमकी जीव जात असताना. सिलिंडर भरलेला आहे पण किल्ली सापडत नाही, ही गोष्ट कागदावर क्षुल्लक आहे. खाटेवरील माणसासाठी ती शेवटची असू शकते.

खूण केली, तपासणी झाली का?

माझी हयात बँकेत गेली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघांच्या उपस्थितीशिवाय ती उघडत नाही. रोज संध्याकाळी रोकड मोजून दोघांनी सही करायची. या पद्धतीत एकच छिद्र राहते: मोजून सही करणे आणि सही करून मोजणे यांतील फरक वहीवर दिसत नाही. म्हणून अनुभवी तपासनीस आकड्यांआधी शाई पाहतो. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या आणि एकाच बैठकीतल्या वाटल्या की तो सावध होतो. ज्या वहीत वर्षभरात एकही फरक नोंदलेला नाही, ती वही निर्दोष नसते. ती बहुधा वाचलेली नसते.

रुग्णालयातील तपासणी-तक्त्यालाही हेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक सुरक्षा-सूची तयार केली. भुलीच्या यंत्राची तपासणी झाली का, रुग्णाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चालतो का, असे थोडके प्रश्न मोठ्याने विचारून सर्वांनी उत्तर द्यायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सूचीचा जगभर बोलबाला झाला.

पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास समोर आला. तेथे सूची सक्तीची झाली होती आणि ती जवळजवळ शंभर टक्के शस्त्रक्रियांत भरली जात असल्याचे रुग्णालयांनी कळवले होते. तरीही मृत्यूच्या किंवा गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. कारणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद झाले. पण एक गोष्ट आपल्याला सहज पटेल. जिथे माणसांनी सूची समजून, थांबून, एकमेकांना विचारून वापरली तिथे ती उपयोगी पडली. जिथे वरून आदेश आला म्हणून चौकटीत खुणा झाल्या, तिथे कागद भरला गेला एवढेच.

तेव्हा ‘परिचारिका तपासणी करतात का’ या प्रश्नाचे कागदी उत्तर नेहमी ‘होय’ असेच मिळेल. विचारायला हवा तो दुसरा प्रश्न: त्यांना ती खरोखर करता येईल अशी परिस्थिती आपण ठेवली आहे का?

एक हात, किती खाटा?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण कक्षात अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी; अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. नवजात शिशु कक्षात प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक अपेक्षित आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री रुग्णालयात नातेवाईक म्हणून ज्यांनी जागून काढल्या आहेत, त्यांनी प्रत्यक्ष चित्र स्वतःच पाहिले आहे. एका सिस्टरकडे तीस खाटा, त्यातच इंजेक्शने, सलाईन, नव्या रुग्णाची नोंद, औषधांचा हिशेब, आणि दर पाच मिनिटांनी ‘सिस्टर, जरा इकडे’ ही हाक. अशा रात्री दहा उपकरणांची तपासणी व्हावी तर वीस मिनिटे लागतील. ती वीस मिनिटे कोणत्या रुग्णाच्या वाट्यातून काढायची, हे तिला कोणी सांगत नाही.

दुसरी अडचण गजराची. प्रत्येक यंत्र थोडे काही झाले की वाजते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये याबाबत इशारा दिला, तेव्हा ८५ ते ९९ टक्के गजरांवर कोणत्याही उपचाराची गरज नसते, असे नमूद केले होते. जो कान दिवसभर खोटी हाक ऐकतो, तो खऱ्या हाकेलाही सरावतो. याला बेपर्वाई म्हणणे सोपे आहे. खरे तर तो मानवी कानाचा धर्म आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे सांगून उपयोग होत नाही ही भावना. परिचारिकेने ‘यंत्र सदोष’ अशी नोंद केली, आणि महिनाभर ते यंत्र तिथेच उभे राहिले, की दुसऱ्या महिन्यात ती नोंद करीत नाही. केंद्र सरकारने देशभरातील शासकीय आरोग्य संस्थांतील उपकरणांची गणती केली तेव्हा २९,११५ संस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. राज्यनिहाय पाहता त्यांतील १३ ते ३४ टक्के नादुरुस्त होती. यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयातील ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ उपकरणे चालू स्थितीत राहावीत असे उद्दिष्ट ठेवले गेले आणि बिघाड कळवण्यासाठी निःशुल्क दूरध्वनीची सोय झाली. योजना चांगली आहे. पण दूरध्वनी करणारा हात परिचारिकेचाच असतो, आणि तो उचलला जातो तो तक्रारीची दखल घेतली जाईल या विश्वासावर.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्राकडून आलेले १५० व्हेंटिलेटर असेच गाजले. वापरात काढलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठासमोर सांगण्यात आले. यंत्रात दोष नसून ती नीट हाताळली जात नाहीत, अशी केंद्राची बाजू होती. यंत्र वाईट की हात वाईट, हा वाद न्यायालयात चालू असताना खाटेवरील रुग्णासाठी दोन्हींचा अर्थ एकच होता.

पडिलेहण

या विषयाचा विचार करताना आपल्या साधु-साध्वींचा एक नित्यक्रम सतत डोळ्यांपुढे येत राहतो. सकाळ-संध्याकाळ ते आपली वस्त्रे, पात्रे, रजोहरण उलगडून, उजेडात धरून, कोपरा न् कोपरा पाहतात. आपण याला पडिलेहण म्हणतो. पौषधात श्रावक-श्राविकाही ते करतात. दिगंबर परंपरेत मुनिराज वस्तू उचलताना-ठेवताना मोरपिच्छीने जागा हळुवार स्वच्छ करतात. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समितीचा आशय दोन्हीकडे एकच आहे: वस्तू घेताना पाहून घ्या, ठेवताना पाहून ठेवा.

उत्तराध्ययन सूत्राच्या ‘सामाचारी’ या २६व्या अध्ययनात या प्रतिलेखनाचा विस्तृत विधी आहे. प्रतिलेखन चालू असताना आपसांत बोलू नये, कथा सांगू नये, कोणाला पाठ देऊ अथवा घेऊ नये, असे तेथे बजावले आहे. जो असे करीत प्रमादाने प्रतिलेखन करतो तो सहाही काय जीवांचा विराधक ठरतो. धर्मकथा सांगणे हे काही पाप नव्हे. परंतु पाहण्याच्या वेळी पाहणे हाच धर्म, असा या उपदेशाचा अर्थ मी घेतो. शिवाय कालही तपासले होते म्हणून आज सवलत मिळत नाही. काल किडा नव्हता, म्हणून आज नसेल असे नाही.

एकेंद्रिय जीवाची विराधना होऊ नये म्हणून ज्या परंपरेने दोन वेळचे पडिलेहण सांगितले, तिच्या अनुयायांनी चालवलेल्या, किंवा त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात पंचेंद्रिय मनुष्याच्या अंगाला लागणारे यंत्र न पाहता जोडले जावे, ही विसंगती आपल्याला बोचली पाहिजे.

दान देताना, विश्वस्त असताना

म्हणून काही गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात.

यंत्र दान देताना त्याच्या पुढील पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम दानातच धरावी. देखभाल करार दोन प्रकारचे असतात: एकात फक्त तपासणी व मजुरी, दुसऱ्यात सुटे भागही. कोणता करार झाला आहे, हे दात्याने विचारून घ्यावे. पितळी पाटीवर कुटुंबाचे नाव असते. त्या पाटीखालीच शेवटच्या तपासणीची आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. नावाखालील तारीख उलटून गेली आहे, हे पाहून कोणत्याही घरंदाज दात्याला स्वस्थ बसवणार नाही.

विश्वस्तांनी बैठकीत खर्चाच्या पावत्यांबरोबर उपकरण-तपासणीची वहीही मागवावी. तीत सहा महिन्यांत एकही बिघाड नोंदलेला नसेल तर आनंद मानू नये. स्वतः कक्षात जाऊन एखादी पिशवी, एखादा सिलिंडर, एखादी किल्ली पाहावी. जी परिचारिका बिघाड नोंदवते तिचे नाव दोषी म्हणून न येता कौतुकाने घेतले जावे. सदोष यंत्र तत्काळ बाजूला काढण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा. डॉक्टर रागावले तरी तो अबाधित राहावा. पाळी बदलताना दोन्ही परिचारिकांनी मिळून तपासणी करावी, आणि त्यासाठी वीस मिनिटांची गाठ वेळापत्रकातच घालावी. संयुक्त ताब्याची पद्धत पैशांसाठी योग्य असेल, तर प्राणांसाठी ती अधिकच योग्य आहे.

नातेवाईक म्हणून आपलेही कर्तव्य आहे. अतिदक्षता विभागातील किंवा नवजात कक्षातील वीजजोडणीवर आपला मोबाइल चार्जिंगला लावू नये. सिस्टर यंत्र तपासत असताना, वा औषध मोजत असताना हाक मारू नये. दोन मिनिटे थांबावे. शंका आली तर आवाज न चढवता विचारावे, ‘सिस्टर, याचा गजर चालू आहे ना?’ या प्रश्नाचा राग सहसा कोणाला येत नाही.

गावोगावी आपली मंडळे रुग्णोपयोगी साहित्य अल्प अनामतीवर घरी वापरायला देतात. पलंग, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, कफ ओढण्याचे यंत्र हे सारे एका घरातून दुसऱ्या घरी जाते. येथे परिचारिका नसते. तपासणारा हात आपल्याच कार्यकर्त्याचा असतो. परत आलेले यंत्र जसेच्या तसे पुढे देऊ नये. गाळणी धुतली आहे का, वायर कुठे कुरतडली आहे का, चाकाचा ब्रेक लागतो का, प्राणवायूची शुद्धता शेवटी कधी मोजली, हे पाहून, तारीख घालून, मगच ते पुढील घरी जावे. या कामासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. निवृत्त झालेल्या आम्हा मंडळींकडे वेळ आहे. आठवड्यातून एक सकाळ त्यासाठी देणे कोणालाही जड जाऊ नये.

आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने मानली आहेत. यंत्र देणे हे औषधदान झाले. ते यंत्र ऐन वेळी दगा देणार नाही, ही खात्री देणे हे अभयदान. पहिल्यासाठी एकदाच धनादेश लिहावा लागतो. दुसऱ्यासाठी रोज, कोणीतरी, उजेडात धरून पाहावे लागते.